भोपाळचे बूर्बाँ घराणे: एका मूळपुरुषाचा शोध

आपल्या मुलांस 'बोर्बन' हे नाव बिस्किटाच्या पुड्यावरून ठाऊक असते. ते मुळात फ्रान्सच्या एका राजघराण्याचे नाव आहे. त्या घराण्याचे रक्त आपल्या अंगी वाहते असे सांगणारे एक कथोलिक कुटुंब हिंदुस्थानच्या मध्यभागी, भोपाळ शहरी, दोनशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहे, ही गोष्ट मात्र आपल्या खेड्यापाड्यांतील फार थोड्या वाचकांच्या कानी आली असेल.

आम्ही ज्या शिवाजी नगरातून हे लिहीत आहोत ती भोपाळातील सरकारी घरांची एक वसाहत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य स्थापन होऊन भोपाळ ही त्याची राजधानी झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि सरकारी दप्तरांबरोबर कित्येक मराठी कुटुंबेही इकडे आली. झाडांच्या दाट सावलीतल्या या घरांतून आजही मराठी बोलणे कानी पडते. येथून थोड्याच अंतरावर, जहांगीराबाद भागात, असिसीच्या संत फ्रान्सिसचे ख्रिस्तमंदिर आहे. तेच भोपाळच्या महाधर्मप्रांताचे मुख्य मंदिर होय. हा महाधर्मप्रांत १९६३ साली स्थापन झाला. मंदिर त्याहून बरेच जुने, एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातले. ते कोणी बांधविले, असे विचारता उत्तर मिळते ते बूर्बाँ घराण्याचे, आणि तेथून हा शोध सुरू होतो.

प्रथम ती कथा घराण्यात सांगतात तशी सांगतो. फ्रान्समधील जाँ फिलिप द बूर्बाँ नावाच्या एका तरुण सरदाराच्या हातून द्वंद्वयुद्धात एक आप्त मारला गेला. देश सोडणे त्यास भाग पडले. समुद्रावर अनेक संकटे भोगून, १५६० च्या सुमारास तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागला. कथेच्या एका पाठात गोव्यास, दुसऱ्यात मद्रासला. तेथून तो अकबर बादशहाच्या दरबारी आग्र्यास पोहोचला. बादशहाने त्याचा मान ठेवला आणि जुलियाना नावाच्या ख्रिस्ती स्त्रीशी त्याचा विवाह लावून दिला. ही जुलियाना बादशहाच्या एका ख्रिस्ती राणीची बहीण होती, जनानखान्याची देखरेख व तेथील औषधोपचार तिच्याकडे होते, असेही सांगतात. पुढे अनेक पिढ्या हे घराणे मोगल दरबारी राहिले. १७३९ साली नादिरशहाने दिल्ली लुटली, त्या आकांतात ते तेथून निघाले आणि नरवरजवळ शेरगढ येथे आपल्या जहागिरीवर जाऊन राहिले. १७७८ च्या सुमारास नरवरच्या राजाने त्यांच्यावर हल्ला करून घरातील बहुतेक माणसे कापून काढली. जी थोडी वाचली ती ग्वाल्हेरीस, व तेथून भोपाळास आली.

ही कथा इंग्रजीत सविस्तर छापून आणली ती कर्नल विल्यम किंकेड या गृहस्थाने. तो भोपाळात इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी होता आणि त्याचा लेख १८८७ साली लंडनच्या एका त्रैमासिकात आला. त्यानंतर जो तो किंकेडचे नाव घेऊन लिहू लागला. परंतु किंकेडने ती माहिती कोठून घेतली? मुख्यतः त्या घराण्याकडूनच. तेव्हा वीस पुस्तकांत एकच कथा आली म्हणून तिला वीस साक्षीदार मिळाले असे होत नाही. विहिरीवर वीस घागरी भरल्या तरी पाणी एकाच विहिरीचे.

आता ती कथा थोडी तपासून पाहू. मद्रासचे नाव घ्यावे, तर इंग्रजांनी त्या ठिकाणी किल्ला बांधण्यास आरंभ केला तो १६४० च्या सुमारास. १५६० साली तेथे मैलापूरजवळ पोर्तुगीजांचे सांतोमे होते. ही चूक क्षम्य आहे. आपणही सध्याची नावे मागील काळास लावतोच. त्याहून मोठी अडचण अकबराची आहे. १५६० साली अकबर अवघा सतराअठरा वर्षांचा होता. युरोपियन लोकांशी त्याची प्रत्यक्ष गाठ पडली ती १५७२-७३ च्या गुजरात स्वारीत, खंबायत व सुरत येथे. त्यानंतर त्याने गोव्याहून धर्मगुरू मागविले, आणि १५८० साली फादर रुडॉल्फ अक्वाविव्हा, फादर मोन्सेराते व फादर हेन्रिकेस हे येशूसंघी त्याच्या दरबारी, फत्तेपूर सिक्री येथे पोहोचले. हेच अक्वाविव्हा पुढे १५८३ साली गोव्यात कुंकळ्ळीस हुतात्मे झाले. या धर्मगुरूंची व त्यांच्यामागून आलेल्यांची पत्रे आज उपलब्ध आहेत. बादशहा काय खातो, काय पितो, पवित्र मरियेच्या चित्रापुढे कसा उभा राहतो, हे सारे त्यांनी बारकाईने लिहिले आहे. अकबराची एक राणी ख्रिस्ती असती, तिचा मेहुणा फ्रेंच राजकुलातला कथोलिक असता, तर त्या पत्रांनी मौन पाळले असते काय? बादशहाच्या धर्मांतराची आशा धरून बसलेल्या त्या साधुपुरुषांनी ही वार्ता पहिल्याच टपालाने रोमला कळविली असती. एडवर्ड मॅक्लॅगन याने १९३२ साली मोगल दरबारातील येशूसंघियांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोही या ख्रिस्ती राणीविषयी साशंकच आहे.

पण त्या पत्रांत एक जुलियाना खरोखरच आहे! ती अकबराच्या दरबारातील अब्दुल हई नावाच्या आर्मेनियन ख्रिस्ती अधिकाऱ्याची कन्या. अकबराच्या इच्छेने तिचा विवाह हलब शहराहून आलेल्या आर्मेनियन व्यापाऱ्याशी, मिर्झा सिकंदराशी, झाला. सिकंदर म्हणजे अलेक्झांडर. त्यांचा पुत्र मिर्झा झुल्करनैन हा जहांगीर व शहाजहान यांच्या काळी सांभरच्या मिठागरांचा अधिकारी झाला आणि मोगल राज्यातील ख्रिस्ती लोकांचा मोठा आधार ठरला. 'झुल्करनैन' हीदेखील मुसलमानी परंपरेत सिकंदराचीच पदवी होय. त्याने आग्र्याच्या येशूसंघी विद्यालयास मोठे दान दिले व त्या पैशातून आपल्या मुंबईच्या बाजूस जमिनी घेण्यात आल्या. आग्र्याच्या धर्मकार्याचा खर्च काही काळ कोकणच्या भाताने चालला, ही गोष्ट ठाण्या-वसईकडील वाचकांस गंमतीची वाटेल. या पुरुषाचे चरित्र कलकत्त्याचे येशूसंघी इतिहाससंशोधक फादर होस्टन यांनी १९१६ साली परिश्रमपूर्वक प्रसिद्ध केले.

त्यानंतर शंभर वर्षांनी तिसरी एक जुलियाना येते. ती जुलियाना दियश द कोश्ता, बहादुरशहाच्या दरबारी वजन असलेली पोर्तुगीज वंशाची स्त्री. दिल्लीतील 'सराय जुलेना' हे नाव तिच्यावरून पडले. म्हणजे मोगल दरबाराच्या आसपास जुलियाना नावाच्या दोन ख्रिस्ती स्त्रिया लेखी पुराव्याने उभ्या आहेत आणि तिसरी, बूर्बाँची पत्नी, केवळ कथेत आहे. आमचे मत विचाराल तर असे की, दोन खऱ्या जुलियानांच्या आठवणी काळाच्या ओघात मिसळून तिसरी निर्माण झाली असावी. आग्र्याची ख्रिस्ती वस्ती लहान, तीतील सोयरिकी आपसात. एका घरची आजी दुसऱ्या घरच्या कथेत जाऊन बसण्यास कितीसा वेळ लागतो?

मग बूर्बाँ हे नाव तरी कोठून आले? येथे आम्ही थबकतो. या घराण्यातील पुरुषांची नित्याची नावे फारसी वळणाची होती: साल्वादोरचे इनायत मसीह, बाल्थाझारचे शहजाद मसीह, सेबास्तियनचे मेहरबान मसीह. पेहराव हिंदुस्थानी, भाषा उर्दू. फ्रान्स कोणी पाहिलेला नाही. असे असता एक परके, उच्चारास अवघड नाव त्यांनी जपून ठेवले. ते नाव त्यांनी आयत्या वेळी उचलले असे म्हणणेही तितकेसे सोपे नाही. सर जॉन माल्कम या इंग्रज सेनापतीने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या माळव्याच्या वृत्तांतात शहजाद मसीह ऊर्फ बाल्थाझार बूर्बाँ याचा परिचय असल्याचे सांगून त्याचे शौर्य व कर्तृत्व वाखाणले आहे. किंकेडच्या लेखापूर्वी चौसष्ट वर्षे हे नाव कागदावर आलेले आहे.

तथापि आडनाव म्हणजे रक्त नव्हे, हे आपल्या लोकांना कोणी वेगळे सांगावयास नको. वसईच्या पट्टीत डिसोजा, परेरा, डाबरे, लोपीस अशी घरे आहेत. ती नावे बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूंकडून किंवा धर्मपित्याकडून आली. त्यावरून कोणाचा पूर्वज लिस्बनहून आला असे ठरत नाही. दरबारी एखाद्या फ्रेंच सरदाराने धर्मपिता होऊन आपले नाव दिले असणेही अशक्य नाही. हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

फ्रान्सच्या बाजूने पाहता काय दिसते? बूर्बाँ घराणे हे संत लुई राजाचा धाकटा पुत्र रोबेर याच्यापासूनचे. संत लुई १२९७ साली संतपदास चढविले गेले, हे वाचकांस माहीत असेल. या घराण्याकडे फ्रान्सचे सिंहासन आले ते १५८९ साली, चौथ्या हेन्रीबरोबर. म्हणजे १५६० मध्ये बूर्बाँ हे राजे नव्हते, मोठे सरदार होते. त्यांच्यातील शार्ल, फ्रान्सचा सरसेनापती, आपल्या राजाशी भांडून सम्राट पाचव्या चार्ल्सला मिळाला आणि ६ मे १५२७ रोजी रोमच्या तटावर चढताना गोळी लागून मेला. त्याच दिवशी त्याच्या सैन्याने पवित्र नगरीची जी लूट केली ती इतिहासात कुप्रसिद्ध आहे. २००७ साली ग्रीसचे राजपुत्र मायकेल यांनी या विषयावर फ्रेंच भाषेत कादंबरी लिहिली. भोपाळचा मूळपुरुष हा याच शार्लचा पुत्र असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांची आई फ्रान्सच्या ओर्लेआँ घराण्याची, तेव्हा घरचाच माणूस बोलला म्हणून जगभरच्या वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. भोपाळात वकिली करणारे एक सद्गृहस्थ फ्रान्सच्या गादीचे पहिले वारस ठरले असते, असे मथळे झळकले. राजपुत्र मायकेल २०२४ साली वारले.

आता हिशेब करा. शार्ल १५२७ मध्ये वारला, तेव्हा त्याचा पुत्र १५६० साली तिशीच्या पुढचा हवा. कथेतील तरुण, तापट सरदार थोडा मोठा होतो, इतकेच. परंतु शार्लची विवाहित पत्नी सुझान १५२१ मध्ये निवर्तली होती आणि तिची मुले बालपणीच गेली होती. मग हा पुत्र कोणा स्त्रीचा? गुप्त विवाहाचा, की विवाहाबाहेरचा? गादीच्या हक्काचे सारे ओझे या एका प्रश्नावर येऊन पडते, आणि पाचशे वर्षांपूर्वीच्या गुप्त विवाहाची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही.

शास्त्राची मदत घेता येईल काय, असे कोणी विचारील. पित्याकडून पुत्राकडे एक जनुकीय खूण जवळजवळ न बदलता जाते. २०१३ साली युरोपातील संशोधकांनी बूर्बाँ वंशातील तीन हयात पुरुषांची अशी खूण तपासून एकमेकांशी जुळवून दाखविली. म्हणून पडताळणीस मापदंड आहे. परंतु अशी जुळणी झाली तरी तिने पितृवंश तेवढा कळेल. विवाह झाला होता की नाही, हे रक्त सांगत नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संत मतयने आपल्या प्रभूची वंशावळ शुभवर्तमानाच्या आरंभीच दिली आहे, आणि तिच्यात तामार, राहाब, रूथ व उरियाची पत्नी यांची नावे वा उल्लेख मुद्दाम ठेवले आहेत. लपविण्याजोग्या गोष्टी त्याने लपविल्या नाहीत. घराण्याची वंशावळ लिहिताना आपण मात्र न शोभणाऱ्या माणसांस हलकेच गाळतो आणि शोभणाऱ्या पाहुण्यांस आत घेतो.

दंतकथेचा प्रदेश सोडून भोपाळात उतरले की पायाखाली पक्की जमीन लागते, आणि आमच्या मते खरे मोल या भागाचेच आहे. १८१२-१३ साली भोपाळास वेढा पडला. वेढा घालणारे कोण? आपलेच मराठे: ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे जग्गू बापू आणि नागपूरकर भोसल्यांचे सादिक अली. आतून वजीर मोहंमद खानाने शहर अनेक महिने लढविले, आणि त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत हे ख्रिस्ती घराणे होते. पुढे भोपाळवर चाल करण्यास शिंद्यांनी नेमलेला सेनापती जाँ बाप्तिस्त फिलोस हाही धर्माने कथोलिक, नेपल्सहून आलेल्या शिपायाचा मुलगा. त्याच्या कुळातील सर मायकेल फिलोस याने पुढे ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा उभारला. अशा रीतीने तटाच्या आत एक जपमाळ आणि तटाबाहेर दुसरी.

१८१८ मध्ये भोपाळच्या नबाबाने इंग्रजांशी तह केला. त्या तहात नबाबाच्या वतीने बोलणी करणाऱ्यांत शहजाद मसीह होता. दुसऱ्याच वर्षी नबाब नजर मोहंमद खान मरण पावला. त्याच्या आठ वर्षांच्या मेहुण्याच्या हातून पिस्तुल उडाले, असे इतिहास सांगतो. मागे राहिली ती कोवळ्या वयाची विधवा कुदसिया बेगम आणि तिची तान्ही मुलगी सिकंदर. चारी बाजूंनी भाऊबंद टपून बसलेले. अशा वेळी तिने बुरखा बाजूला सारून मुलीच्या नावे कारभार हाती घेतला, आणि तिच्या पाठीशी उभे राहिलेल्या प्रमुख कारभाऱ्यांत राजा खुशवक्तराय हा हिंदू व शहजाद मसीह हा ख्रिस्ती होता. कुदसिया १८३७ पर्यंत कारभार पाहत होती. तीच सिकंदर पुढे भोपाळची नामांकित राज्यकर्ती झाली. या बेगमांच्या राज्याची घडी प्रथम बसविण्यात एका कथोलिक कारभाऱ्याचा हात होता, याचा अभिमान बाळगण्यास फ्रान्सच्या राजरक्ताची गरज आहे काय?

शहजाद मसीह १८३० च्या सुमारास वारला. त्याची पत्नी एलिझाबेथ ही जॉन्स्टन नावाच्या इंग्रज कॅप्टनची मुलगी. दरबारात व शहरात तिला 'दुल्हन सरकार' म्हणत. वैधव्याची सुमारे पन्नास वर्षे या बाईने जहागीर सांभाळली, मुलास वाढविले आणि मुसलमानी राजधानीत आपल्या लहानशा कथोलिक कळपास आसरा दिला. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६७ च्या सुमारास भोपाळास आला, तेव्हा त्याची तिच्याशी भेट झाली. देशी पेहरावातील ती वृद्ध 'बूर्बाँ राजकन्या' पाहून तो थक्क झाला, आणि त्याच्या प्रवासवर्णनामुळे तिचे नाव युरोपात गेले. जहांगीराबादचे ख्रिस्तमंदिर उभे राहिले ते तिच्या घराण्याच्या औदार्याने. त्या काळी हा मुलूख आग्र्याच्या धर्मप्रांतात मोडत असे व तेथील कार्य कापुचिन संघाच्या धर्मगुरूंकडे होते. मंदिरास असिसीच्या संत फ्रान्सिसचे नाव का मिळाले, याचा उलगडा त्यावरून होतो. दुल्हन सरकार १८८२ साली ख्रिस्तवासी झाली. तिचा पुत्र मेहरबान मसीह तिच्या आधीच, १८७८ मध्ये गेला होता.

या घराण्याचा जो भाग नक्की कळतो तो कशामुळे कळतो, हे पाहण्यासारखे आहे: तहाचा कागद, परक्या अधिकाऱ्याचा वृत्तांत, प्रवाशाचे पुस्तक, देवळाच्या भिंती. जो भाग हाती लागत नाही तो १७३९ च्या पलीकडचा. वाचकहो, हेच साल आपल्या वसईकरांसही परिचयाचे आहे. मार्चमध्ये दिल्ली लुटली गेली आणि मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. पोर्तुगीज गेले, कित्येक देवळे ओस पडली. उत्तर कोकणातील अनेक कुटुंबांचा धागाही त्याच सुमारास तुटतो. राजपुत्र असो की भातशेती करणारा कुणबी, वही गेली की दोघेही सारखेच.

आपली ख्रिस्तसभा या वह्यांविषयी पहिल्यापासून दक्ष आहे. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवण्याचा दंडक घातला आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूच्या व इतर नोंदींचेही नमुने घालून दिले. आजचा धर्मनियमही प्रत्येक धर्मग्रामास बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या वह्या नीट जपावयास सांगतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या कडेस पुढे दृढीकरण व विवाह लिहिले जातात, त्यामुळे एका ओळीत माणसाचे अर्धे आयुष्य सापडते. धर्मपिता व धर्ममाता बहुधा नात्यातली असतात. हुशार शोधक त्यांच्या नावांवरून दुसऱ्या गावच्या शाखा हुडकून काढतो.

शिवाजी नगरात नागपूर सोडून आलेल्या घरांची तिसरी-चौथी पिढी आज वाढत आहे. लग्न ठरले की बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो. मग घरात विचारपूस सुरू होते, आजोबा कोणत्या गावचे, बाप्तिस्मा नागपुरास झाला की गावी. सांगू शकणारी म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत. हिंदुस्थानभर जुन्या वह्यांस वाळवी आणि पावसाळा यांचा उपसर्ग असतो. ज्या घरांतून जुने विवाहपत्रक, प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेल्या जन्मतारखा, थडग्यावरील ओळी शिल्लक आहेत, त्यांनी त्या आजच उतरून घ्याव्यात. कोणी काय सांगितले व कोणत्या साली सांगितले, हे शेजारी लिहावे. आजोबांनी पाहिलेले आणि आजोबांनी ऐकलेले या दोहोंत भेद ठेवावा. बूर्बाँच्या वंशावळीत तोच भेद राहिला नाही, म्हणून विद्वान अजून भांडत आहेत.

जुनी नोंद शोधण्यास धर्मग्रामाकडे पत्र पाठविताना पूर्ण नाव, बापाचे व आईचे नाव, अंदाजे साल आणि ठाऊक असल्यास धर्मपित्याचे नाव अवश्य द्यावे. साल नक्की नसल्यास मागची-पुढची पाच वर्षे पाहण्याची विनंती करावी, आणि दिवस ठाऊक नसला तरी कोणत्या संताच्या सणाजवळ जन्म झाला असे घरात म्हणत असतील तर तेही लिहावे, कारण पुष्कळदा मुलाचे नाव त्यावरूनच पडलेले असते. गावच निश्चित नसेल तेव्हा आजीच्या माहेरापासून आरंभ करावा. लग्न बहुधा वधूच्या धर्मग्रामात लागलेले असते, आणि त्या नोंदीत वराचे मूळ गाव लिहिलेले सापडते.